‘जांभई’ : शब्दाचा अर्थ आणि मूळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘जांभई’ हा शब्द मराठीत कोठून आला? तो हिंदीतील ‘जम्हाई’वरून घेतलेला आहे का? जांभूळ, जांभळा या शब्दांशी त्याचे नाते आहे का? त्याचा मूळ अर्थ ‘झोप येणे’ किंवा ‘कंटाळणे’ असा आहे का? आणि जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवण्याची जी पद्धत घरोघरी दिसते, तिच्यामागे काय आहे? प्राकृत भाषा शिकवण्यात आणि शब्दकोशाच्या नोंदी तपासण्यात माझी तीस वर्षांहून अधिक वर्षे गेली असल्यामुळे हे प्रश्न माझ्या अगदी जवळचे आहेत. रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हा शब्द मात्र वेदवाङ्मयापासून आजीच्या चुटकीपर्यंत अखंड चालत आलेला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

आधी जे निश्चित सांगता येते ते सांगतो. ‘जांभई’ हा मराठीतला तद्भव शब्द आहे. संस्कृतात ‘जृम्भ्’ हा धातू आणि त्यापासून झालेली ‘जृम्भा’, ‘जृम्भण’, ‘जृम्भिका’ ही नामे आहेत. प्राकृतात त्याचे ‘जंभा’ झाले आणि क्रियापदाचे रूप ‘जंभाइ’ किंवा ‘जंभाअइ’ असे झाले. याच प्राकृत रूपापासून मराठीची ‘जांभई’ आली. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘जृम्भ्’च्या जागी ‘जंभा’ हा आदेश होतो असे स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे मधला टप्पा आपल्याला कल्पनेने भरून काढावा लागत नाही.

या वाटचालीत शब्दाच्या रूपात जे बदल झाले ते मराठीच्या स्वभावाला धरून आहेत. अनुस्वारयुक्त ‘अ’ मराठीत आल्यावर दीर्घ होतो. ‘दन्त’चा दात झाला, ‘चन्द्र’चा चांद झाला, ‘कम्प’वरून कापणे आले, त्याच नियमाने ‘जंभा’चा पहिला स्वर दीर्घ होऊन ‘जांभ’ झाले. शब्दाच्या मध्यावर असलेला ‘अ’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. हा शब्द थेट ‘जृम्भिका’ या नामापासून आला असता, तर त्याचे रूप ‘जांभी’ असे व्हायला हवे होते. ‘जांभई’मध्ये ‘भ’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये जो स्वर टिकून आहे, तो ‘जंभाअइ’ या क्रियापदातील ‘आ’चा अवशेष आहे. शब्दाच्या मधला दीर्घ स्वर मराठीत ऱ्हस्व होतो, ही प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. म्हणून माझ्या मते आपली ‘जांभई’ संस्कृत नामाची मुलगी नसून प्राकृत क्रियापदापासून घडलेले नाम आहे. गंमत अशी की ते क्रियापद मात्र आज आपल्याजवळ उरले नाही. आपण ‘शिंकतो’ आणि ‘खोकतो’, पण जांभईसाठी असे एकपदी क्रियापद प्रमाण मराठीत वापरत नाही. जांभई ‘येते’ किंवा आपण ती ‘देतो’.

उच्चारही हीच साक्ष देतो. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत. ‘जांभई’तला ‘ज’ आपण ‘जागा’, ‘जाळे’ या शब्दांतल्यासारखा दंततालव्य उच्चारतो. ‘जृंभण’ हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द वाचताना मात्र तोच ‘ज’ तालव्य होतो. दंततालव्य उच्चार हे लोकांच्या तोंडी दीर्घकाळ वावरलेल्या शब्दाचे लक्षण आहे. लेखनाबद्दलही एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘दांत’चे ‘दात’ झाले. ‘जांभई’त मात्र अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट ‘म्’ असा होतो, म्हणून तो अनुस्वार राहिला आणि तो राहायलाच हवा. ‘जाभई’ असे लिहिलेले कधी कधी दिसते, ते चूक आहे.

आता ‘जम्हाई’कडे वळतो. मराठीने हा शब्द हिंदीकडून घेतला, ही समजूत दोन्ही रूपे शेजारी ठेवली की आपोआप गळून पडते. संस्कृतातील ‘म्भ’ हे जोडाक्षर हिंदीत पुष्कळदा ‘म्ह’ होते आणि मराठीत ते ‘ंभ’ असेच टिकते. ‘कुम्भकार’ हिंदीत ‘कुम्हार’ झाला आणि मराठीत ‘कुंभार’ राहिला. ‘जम्हाई’ आणि ‘जांभई’ यांच्यातले अंतर अगदी तेवढेच आहे. मराठीने हिंदीकडून हा शब्द उचलला असता तर ‘म्ह’चा पुन्हा ‘भ’ का व्हावा, याचे कोणतेही कारण देता येत नाही. दोन्ही शब्द एका प्राकृत आईच्या पोटचे आहेत, एकमेकांपासून झालेले नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. काही अभ्यासक ‘जृ’चा ‘ज’ झाला हे मराठीचे खास वैशिष्ट्य म्हणून दाखवतात आणि त्यासाठी ‘पृष्ठ’पासून मराठीत ‘पाठ’ पण हिंदीत ‘पीठ’, ‘मृत्तिका’पासून मराठीत ‘माती’ पण हिंदीत ‘मिट्टी’, अशी उदाहरणे देतात. ती उदाहरणे बरोबर आहेत, परंतु ती या शब्दाला लागू पडत नाहीत, कारण ‘जम्हाई’तही ‘अ’च आहे. ‘जंभा’ हे रूप प्राकृतातच स्थिरावले होते. आणि त्यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऋकार नसलेला ‘जभ्’ किंवा ‘जम्भ्’ हा धातू संस्कृतात आधीपासूनच होता.

पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात, म्हणजे धातू आणि त्यांचे अर्थ यांच्या यादीत, हे दोन्ही धातू एका ओळीत, एकाच अर्थाने दिले आहेत : ‘जभी जृभि गात्रविनामे’. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नाची किल्ली या तीन शब्दांत आहे. ‘गात्र’ म्हणजे अंग, अवयव. ‘विनाम’ म्हणजे वाकणे, वळणे. व्याकरणकारांनी या धातूचा अर्थ सांगताना झोपेचा उल्लेख केलेला नाही, आळसाचा केलेला नाही, एवढेच काय, तोंडाचाही केलेला नाही. त्यांनी पाहिले ते अंग वाकवून, ताणून, पिळून घेणारे शरीर. मराठीत आपण ज्याला ‘आळोखेपिळोखे देणे’ म्हणतो, तो या धातूचा मूळ अर्थ आहे. तेव्हा ‘जांभई म्हणजे मुळात झोप येणे का’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. जांभई म्हणजे मुळात अंग ताणून उघडणे.

हा अर्थ केवळ धातुपाठापुरता नाही, हे पालीवरून दिसते. बौद्ध सुत्तांमध्ये सिंहाचे एक वर्णन वारंवार येते : मृगराज सिंह संध्याकाळी आपल्या गुहेतून बाहेर पडतो, ‘विजम्भति’, मग चारही दिशांकडे नजर टाकतो आणि तीन वेळा गर्जना करतो. येथे ‘विजम्भति’चा अर्थ ‘त्याला झोप येते’ असा केला तर सगळे वर्णनच कोसळते. सिंह झोपायला निघालेला नाही, तो शिकारीला निघालेला आहे. तो पुढचे पाय पसरून, पाठ खाली वाकवून, जबडा पूर्ण उघडून अंग मोकळे करतो. घरातल्या मांजराने उठल्यावर जे केलेले आपण पाहतो तेच हे आहे. मात्र त्याच पाली वाङ्मयात आळस आणि सुस्ती यांची कारणे सांगताना अरती, तंद्री आणि जेवणानंतरची जडता यांच्या पंक्तीत ‘विजम्भिका’ही बसवलेली आहे. म्हणजे जांभईचा आळसाशी जोडलेला संबंधही जुनाच आहे, तो आधुनिक काळाने चिकटवलेला नाही. पण तो दुय्यम आहे. शब्दाच्या गाभ्यात तो नाही.

धातूचा दुसरा पदर जबड्याचा आहे. वैदिक संस्कृतात ‘जम्भ’ म्हणजे दात, दाढ, जबडा. महाराष्ट्रात ज्या घरांत रुद्राभिषेक होतो, त्या घरांतल्या मंडळींनी हा शब्द असंख्य वेळा ऐकलेला आहे, कारण रुद्राच्या शेवटच्या अनुवाकात ‘तं वो जम्भे दधामि’ असे येते : ज्याचा आम्ही द्वेष करतो आणि जो आमचा द्वेष करतो, त्याला, हे रुद्रांनो, मी तुमच्या जबड्यात ठेवतो. हा शब्द अतिशय प्राचीन आहे आणि भारताबाहेरही त्याची भावंडे आहेत. रशियनमध्ये दाताला ‘झूब’ म्हणतात, ग्रीकमधील ‘गोम्फॉस’ म्हणजे खुंटी, आणि इंग्रजीतील कंगव्याचा शब्द ‘कोम’, म्हणजे दाते असलेली वस्तू, हे सगळे याच मुळाचे आहेत. इंद्राने मारलेल्या एका असुराचे नावही ‘जंभ’ आहे, म्हणजे जबड्याखाली चिरडणारा, आणि त्यावरून अमरकोशात इंद्राला ‘जम्भभेदी’ म्हटले आहे. कविराज भूषणाच्या ‘इंद्र जिमि जंभ पर’ या ओळीमुळे हा असुर मराठी माणसाच्या ओठांवर आहे. मात्र त्या ‘जंभ’चा आणि आपल्या जांभईचा आवाज सारखा वाटतो तो योगायोगाने नव्हे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

जांभूळ, जांभळा यांचे मात्र तसे नाही. ‘जांभूळ’ हा ‘जम्बू’ या फळाच्या नावापासून आलेला शब्द आहे. त्यात मुळात ‘ब’ आहे, ‘भ’ नाही, आणि मराठीत येताना तो महाप्राण झाला, म्हणजे त्यात ‘ह’कार मिसळून ‘भ’ झाला. जांभळा रंग त्या फळावरून आला. जांभई आणि जांभूळ मराठीत सारखे दिसू लागले, परंतु दोन वेगवेगळ्या गावांहून निघालेल्या वाटा एका वळणावर शेजारी आल्या, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘जृम्भ्’ या धातूचा तिसरा पदर सर्वांत सुंदर आहे आणि आजच्या मराठीतून तो जवळजवळ निघून गेला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. संस्कृत काव्यात कळी उमलते तेव्हा ती ‘जृम्भते’. प्रकाश पसरतो, कीर्ती वाढते, वारा सुटतो, तेथेही ‘विजृम्भते’ हेच क्रियापद येते. मिटलेले उघडणे, आवळलेले सैल होणे, आतले बाहेर पसरणे ही एकच क्रिया कवींनी फुलात, प्रकाशात आणि माणसाच्या तोंडात पाहिली. हेमचंद्राच्या ज्या सूत्राचा वर उल्लेख केला, त्यात याविषयी एक फार बारकाईची अट आहे. ‘वि’ हा उपसर्ग लागलेला नसेल तरच ‘जृम्भ्’चा ‘जंभा’ होतो, असे तो सांगतो. ‘वि’ लागला तर ‘विअंभइ’ असे वेगळे रूप होते. म्हणजे बोलीने एका धातूचे दोन भाग करून घेतले होते. देहाच्या क्रियेसाठी ‘जंभाइ’, आणि पसरण्यासाठी, फुलण्यासाठी ‘विअंभइ’. त्यातले पहिले मराठीच्या वाट्याला आले आणि दुसरे वाटेत हरवले. म्हणूनच मराठी माणसाला ‘जांभई’ या शब्दात फुलाचे उमलणे ऐकू येत नाही, आणि तो शब्द केवळ सुस्तीचा वाटतो.

याच धातूपासून जृंभकास्त्र आले. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात पहिल्या अंकात राम सीतेला सांगतो की ही अस्त्रे तुझ्या अपत्यांकडे आपोआप जातील, आणि पुढे लव ती चालवतो तेव्हा सगळे सैन्य चित्रातल्यासारखे निश्चल होते. भागवताच्या दशम स्कंधात बाणासुराच्या युद्धात श्रीकृष्ण जृंभणास्त्राने साक्षात शंकराला जांभया आणून मोहात पाडतो. शत्रूला मारण्याऐवजी त्याच्या शरीरालाच ताब्यात घेणारे अस्त्र कल्पिताना प्राचीनांनी जांभई निवडली, कारण इच्छा नसताना शरीर स्वतःहून करते अशी, आणि एकाला आली की दुसऱ्याला येते अशी, ही क्रिया आहे, असे मला वाटते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांभईची जी व्याख्या मिळते, तिच्याइतके नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की, मनुष्य वाऱ्याचा एक उच्छ्वास ‘पिऊन’, अंग ताणत, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी आणत जो श्वास सोडतो, त्याला जृंभ म्हणतात. श्वास ‘घेतो’ असे न म्हणता ‘पितो’ असे म्हटले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकच दीर्घ घोट, मग ताण, उघडलेले तोंड आणि शेवटी डोळ्यांच्या कडांना आलेले पाणी, हा क्रम ज्याने लिहिला त्याने स्वतःच्या आणि इतरांच्या जांभईकडे लक्षपूर्वक पाहिले होते. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत शिंक, ढेकर, अश्रू, झोप यांच्याबरोबर जांभई आहे. ती दाबून धरली तर अंग वाकणे, झटके, आखडणे, बधिरपणा आणि कंप हे त्रास होतात असे तो सांगतो. या यादीतला पहिला शब्द पुन्हा ‘विनाम’ हाच आहे. व्याकरणकाराने ज्या शब्दाने धातूचा अर्थ सांगितला, तोच शब्द वैद्याने वेग अडल्याचे लक्षण म्हणून वापरला. शरीराला जे वाकणे-ताणणे मोकळेपणाने करायचे होते, ते अडवले तर विकाराच्या रूपाने येते, अशी ही मांडणी आहे. चरकाचे निदान आजच्या वैद्यकाने मान्य करावे असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या शब्दयोजनेतली सुसंगती दाखवणे एवढाच माझा हेतू आहे. माधवनिदानातही ज्वर येण्यापूर्वीची लक्षणे सांगताना वातामुळे फार जांभया येतात, पित्तामुळे डोळ्यांची आग होते आणि कफामुळे अन्नावरची वासना जाते, असे म्हटले आहे. येथेही जांभई झोपेची खूण नाही, ती शरीरात काहीतरी पालटत असल्याची खूण आहे.

शब्दाच्या अर्थाविषयी बोलताना शरीरशास्त्राचा आधार घेणे मी एरवी टाळतो, कारण शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास वेगळे असतात. पण येथे तो आधार उपयोगी पडतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की जांभई येते, असे शाळेत अनेकांनी शिकलेले असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली लोकांना शुद्ध प्राणवायू आणि जास्त कर्बवायू असलेली हवा देऊन पाहिले, तेव्हा जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही. जांभई ही केवळ श्वासाची तूट भरून काढणारी क्रिया नाही, हे त्यातून दिसले. त्याहून बोलका पुरावा रुग्णांकडून मिळतो. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या काही रुग्णांचा जो हात त्यांना इच्छेने हलवता येत नाही, तो जांभईच्या वेळी आपोआप वर उचलला जातो आणि जांभई संपली की पुन्हा खाली पडतो, अशा नोंदी वैद्यकात आहेत. जांभई तोंडापुरती नसून सर्व गात्रांची आहे, हे यापेक्षा अधिक ठळकपणे कसे दिसावे? धातुपाठातला ‘गात्रविनाम’ मला अशा वेळी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या निरीक्षणाची नोंद वाटतो.

साहित्यशास्त्राने जांभईला थोडे बाजूलाच ठेवले. अमरकोशात ‘जृम्भस्तु त्रिषु जृम्भणम्’ ही ओळ नाट्यवर्गात, रडण्या-ओरडण्याच्या शेजारी आहे, म्हणजे जांभई भावदर्शनाच्या शब्दांत गणली जात होती. परंतु नाट्यशास्त्रकार भरताच्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनाच्या अवस्थेमुळे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय एवढेच आहेत. पुढे भानुदत्ताने ‘रसतरंगिणी’त जृंभेला नववा सात्त्विक भाव म्हणून स्थान दिले. ही भर फारशी रूढ झाली नाही. तरीही मला ती योग्य वाटते, कारण रोमांचाप्रमाणेच जांभईही मनाच्या अवस्थेने शरीरात आपोआप उठते, ती ओढूनताणून आणता येत नाही.

मराठीत हा शब्द किती जुना आहे, याचे उत्तर ज्ञानेश्वरीत मिळते. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, शरीरातील वायूच्या नाना चेष्टा सांगताना जांभई, शिंक आणि ढेकर ही तिन्ही नावे एका चरणात एकत्र आली आहेत, आणि त्या नाग, कूर्म, कृकर इत्यादी उपवायूंच्या क्रिया असल्याचे म्हटले आहे. योगपरंपरेत पाच उपवायूंपैकी जांभईचा वायू ‘देवदत्त’ मानला जातो. ज्ञानेश्वरांनी संस्कृत ‘जृंभा’ वापरला नाही, शास्त्राचा विषय असूनही लोकांच्या तोंडचा शब्द घेतला, हे मला फार मोलाचे वाटते. सातशेहून अधिक वर्षे झाली तरी त्या चरणातले तिन्ही शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. त्या तिघांपैकी ‘शिंक’ हा ‘छिक्का’पासून आलेला आहे, आणि ‘ढेकर’चा संस्कृत ‘उद्गार’शी काही संबंध नाही.

शेजारच्या भाषांनी मात्र या क्रियेसाठी वेगवेगळे शब्द निवडले. गुजरातीत ‘बगासुं’ आहे, बंगालीत ‘हाई’, कन्नडमध्ये ‘आकळिके’, तेलुगूत ‘आवुलिंत’. हिंदीतही ‘जम्हाई’बरोबर ‘उबासी’ चालते. गुजराती, कन्नड, तेलुगू या मराठीला लागून असलेल्या भाषांत रोजच्या वापरात हा जुना शब्द नाही आणि मराठीत तो भक्कमपणे टिकला, याची नोंद घेतली पाहिजे.

‘येणे’ आणि ‘देणे’ या दोन क्रियापदांतला फरकही अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘मला जांभई आली’ असे म्हणतो तेव्हा बोलणारा स्वतःकडे कर्तेपण घेत नाही. शरीरात काहीतरी उठले आणि आपण त्याचे साक्षी आहोत, असा त्या वाक्याचा भाव असतो. ‘त्याने मोठी जांभई दिली’ असे म्हणतो तेव्हा बाहेरून पाहणारा ती क्रिया त्याच्या नावावर टाकतो. ढेकर आणि आळस यांनाही आपण ‘देणे’ हेच क्रियापद लावतो. ‘आळस देणे’ या प्रयोगात ‘आळस’चा अर्थ सुस्ती नसून अंग ताणणे हा आहे, आणि ‘गात्रविनाम’ हा अर्थ मराठीत आज जर कोठे जिवंत असेल तर तो या प्रयोगात आहे. जांभईतून अंग ताणण्याचा अर्थ हळूहळू निघाला आणि ‘आळस देणे’ने तो उचलून घेतला, असा माझा निष्कर्ष आहे. कोशात ‘जांभई’ची नोंद करताना म्हणूनच ‘झोप किंवा कंटाळा आल्याने तोंड उघडणे’ असा कारणासकट अर्थ देऊ नये, असा माझा आग्रह राहिला आहे. कारण हा अर्थाचा भाग नाही. पहाटे झोप पूर्ण करून उठलेला माणूस जांभई देतो, आईच्या पोटातला गर्भही जांभई देताना सोनोग्राफीत दिसतो. त्याला कंटाळा आला आहे, असे कोण म्हणेल?

शेवटी चुटकीचा प्रश्न. जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची आणि ‘नारायण’ किंवा ‘राम राम’ म्हणायचे, तान्ह्या मुलाला जांभई आली तर ती चुटकी आईने किंवा आजीने वाजवायची, ही पद्धत माझ्या लहानपणी आमच्या घरात अगदी नेमाने पाळली जात असे. त्यामागे काय आहे याचे उत्तर तैत्तिरीय संहितेतील एका कथेच्या जवळ जाते. वृत्राच्या पोटात अग्नी आणि सोम अडकलेले असतात. इंद्र त्याच्यावर थंडी आणि ताप सोडतो, वृत्र जांभई देतो आणि त्या उघडलेल्या तोंडातून अग्नी व सोम बाहेर निघून जातात. संहिता पुढे सांगते की, ते त्याचे प्राण आणि अपानच त्याला सोडून गेले. म्हणून जांभई देणाऱ्याने ‘मयि दक्षक्रतू’, म्हणजे ‘दक्ष (सामर्थ्य) आणि क्रतू (संकल्प) माझ्या ठायी राहोत’, असे म्हणावे. प्राण म्हणजे दक्ष, अपान म्हणजे क्रतू. असे म्हटल्याने तो त्यांना आपल्यातच धरून ठेवतो. जांभई देणाऱ्यासाठी तेथे जो शब्द आहे तो ‘जञ्जभ्यमान’, म्हणजे आपल्या जांभईचाच सर्वांत जुना नातलग. महाभारताच्या उद्योगपर्वात हीच कथा थोडी बदलून आली आहे. तेथे वृत्राने इंद्रालाच गिळलेले असते. देव ‘जृंभिका’ उत्पन्न करतात, वृत्र जांभई देतो, इंद्र अंग आक्रसून बाहेर पडतो, आणि तेव्हापासून जांभई प्राण्यांच्या ठायी वस्तीला आली, असे व्यास सांगतात.

चुटकी वाजवण्याची रीत थेट त्या मंत्रापासून उतरली, असे मी म्हणणार नाही. मधल्या काळातले दुवे दाखवल्याशिवाय तसे म्हणणे अभ्यासकाला शोभणारे नाही. परंतु दोन्हींच्या मागची भीती एकच आहे. तोंड पूर्ण उघडले गेले आहे, आतले काहीतरी बाहेर निसटू शकते, आणि त्या क्षणी एक शब्द किंवा एक आवाज करून ते आत राखायचे आहे. माझी आजी चुटकी वाजवताना ‘नारायण, नारायण, आयुष्य वाढो’ असे म्हणत असे. तिने तैत्तिरीय संहितेचे नावही ऐकलेले नव्हते, आणि ‘आयुष्य’ हा शब्द ती तेथे का घालते, हे तिला कोणी विचारलेही नव्हते.